सरकलेल्या मणक्याची गोष्ट

आईच्या गुडघ्यात वंगण उरलेले नाही, हे आम्हाला सहा वर्षांपूर्वी कळले. क्ष-किरणाचा फोटो उजेडाकडे धरून ज्यांनी ते सांगितले, त्यांनी एवढेच म्हटले, ‘‘काकू, वंगण संपलंय. आता गुडघा जपून वापरा.’’ त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. बाहेर रांग होती आणि वेळ थोडा होता. आईने मात्र ते वाक्य शब्दशः पाळले. घरात शिवणयंत्र होते. तेल न घालता यंत्र चालवले की काय होते, हे तिला पुरते ठाऊक होते. तिने माडी चढणे सोडले. संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाणे सोडले. वर्षभरात मांड्या सुकल्या, वजन वाढले आणि जपून ठेवलेला गुडघा पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागला.

मग कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही शहरातल्या एका कायरोप्रॅक्टिक केंद्रात गेलो. भिंतीवर पाठीच्या कण्याचा रंगीत तक्ता होता आणि प्रत्येक मणक्यापासून एकेका अवयवाकडे रेघ काढलेली होती. तिथे नवे निदान मिळाले : दुखणे गुडघ्याचे नाहीच, मणका सरकला आहे. चोवीस बैठका घ्याव्या लागतील, पैसे आगाऊ. पहिल्या बैठकीत पाठीतून ‘कडक’ असा आवाज आला आणि आई घरी येताना म्हणाली, ‘‘हलकं वाटतंय गं.’’ तिसऱ्या दिवशी गुडघा होता तसाच होता.

‘वंगण संपलंय’ आणि ‘मणका सरकलाय’ ही दोन वाक्ये या लेखाचा विषय आहेत. साहित्याला वाहिलेल्या अंकात सांध्यांचे काय काम, असे कोणी विचारील. पण दुखणे आपल्यापर्यंत नुसते येत नाही, ते शब्दांतून येते. कोणत्या शब्दांतून आले यावर माणूस उठून चालणार की खाटेवर बसणार, हे ठरते. म्हणून या वाक्यांची चिकित्सा एखाद्या संहितेची करावी तशी करायला हवी : त्यांच्यात गोष्ट कोणती, रूपक कोणते, आणि त्या रूपकाला वस्तुस्थितीचा आधार किती.

शब्दांचा सांधा

मराठीत सांध्याभोवती शब्दांची मोठी गर्दी आहे. ‘संधी’ म्हणजे सांधा, संधी म्हणजे तह, आणि संधी म्हणजे अनुकूल वेळही. तुटलेले जोडणे म्हणजे ‘सांधणे’. दुखण्याचा जुना शब्द ‘वात’. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात संधिगत वात येतो. सूज आणि हालचालीतल्या वेदना ही लक्षणे तिथे नोंदलेली आहेत. ‘आमवात’ हा वेगळा विकार म्हणून माधवनिदानात स्वतंत्रपणे मांडला गेला. आजही खेड्यातली बाई ‘वात धरलाय’ म्हणते. हा शब्द शास्त्रीय नसेल, पण त्यात एक गोष्ट चांगली आहे. वात धरतो तसा सोडतोही. दुखणे येते, जाते, ऋतूप्रमाणे कमीजास्त होते, हा अनुभव त्या शब्दात शिल्लक आहे.

गेल्या काही दशकांत त्याची जागा यंत्राच्या भाषेने घेतली. झीज, वंगण, गॅप, घासणे, दबणे, सरकणे. ‘गुडघ्यातला गॅप कमी झालाय’ हे वाक्य आज तालुक्याच्या गावीही ऐकू येते. यंत्राची भाषा आधुनिक वाटते, म्हणून विश्वासार्ह वाटते. तिचा दोष असा की यंत्र वापरले की झिजते आणि न वापरले की टिकते. शरीराचे नेमके उलट आहे.

गुडघ्यातल्या दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात आतबाहेर होतो तो सांध्यावर भार पडून सुटल्यामुळे. स्पंज दाबावा आणि सोडावा तसे. म्हणजे चालणे हीच कूर्चेची पोषणव्यवस्था आहे. कूर्चेला स्वतःला वेदना कळत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालचे स्नायुबंध आणि स्नायू. म्हणूनच फोटोतली झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. वाईट फोटो असलेला माणूस डोंगर चढतो आणि बऱ्या फोटोचा माणूस जिन्यात थांबतो.

पाठीचेही तसेच. १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या कण्याचे एमआरआय काढून तपासण्यात आले. सगळ्या चकत्या निर्दोष असलेली माणसे त्यांत फक्त ३६ टक्के निघाली. निम्म्याहून अधिक जणांची निदान एक चकती फुगलेली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. अशा माणसाला उद्या जड पिशवी उचलताना उसण भरली आणि त्याने फोटो काढला, तर फुगलेली चकती दिसणारच. मग ती आजच्या दुखण्याचे कारण ठरते आणि आयुष्यभराची ओळख होऊन बसते : ‘माझा मणका गेलेला आहे.’

डेव्हनपोर्टची कथा

‘मणका सरकलाय’ या वाक्याचा जन्म मात्र आपल्याकडचा नाही. त्याला तारीख आहे आणि गाव आहे : १८ सप्टेंबर १८९५, आयोवा राज्यातले डेव्हनपोर्ट. डॅनियल डेव्हिड पामर हा गृहस्थ १८४५ मध्ये कॅनडात जन्मला. त्याने शाळेत शिकवले, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवले आणि पुढे हातातल्या चुंबकशक्तीने रोग बरे करतो म्हणून दवाखाना थाटला. त्याच्या दवाखान्याच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा झाडलोट करणारा कामगार होता. त्याला सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. पामरने त्याच्या पाठीत वर आलेला एक मणका चाचपला, जोर देऊन तो जागेवर बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले, अशी ही मूळ कथा. ग्रीक भाषेतल्या हात आणि कृती या अर्थांच्या शब्दांवरून तिला नाव मिळाले कायरोप्रॅक्टिक. १८९७ मध्ये पामरची शाळा निघाली.

कथा म्हणून ती उत्तम आहे. एक दुर्लक्षित माणूस, एक हात, एक क्षण आणि चमत्कार. पण तिच्यातला सांधा मुळातच निखळलेला आहे. श्रवणाचा मज्जातंतू आतल्या कानातून थेट मेंदूच्या देठाकडे जातो. पाठीच्या कण्यातून तो जातच नाही. म्हणजे ज्या घटनेवर सिद्धान्त उभा राहिला, तिचे स्पष्टीकरण त्या सिद्धान्ताने होत नाही. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकतही निराळी होती. तिच्या सांगण्यात मणका बसवण्याचा विचार नव्हता. विनोदावर हसताना पाठीवर मारलेली थाप होती.

पामर एका रोग्यावर थांबला असता तर ती एक गमतीची आठवण राहिली असती. १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने शंभरापैकी ९५ रोगांचे कारण सरकलेले मणके आणि उरलेल्या पाचांचे कारण इतर सरकलेले सांधे, असा दावा केला. शरीरात एक जन्मजात प्रज्ञा आहे, ती मज्जातंतूंतून वाहते आणि मणका सरकला की तिचा प्रवाह अडतो, अशी ही मांडणी होती. या अडथळ्याला नाव मिळाले ‘सबलक्सेशन’. हा शब्द वैद्यकात आधीपासून होता. तिथे त्याचा अर्थ सांधा अर्धवट निखळणे असा आहे, आणि तो निखळलेला सांधा फोटोत दाखवता येतो. पामरने शब्द तोच ठेवला आणि आतला अर्थ बदलला. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर रूपक होते ते विधान म्हणून वापरात आले.

हे रूपक इतके लवकर का रुजले? त्याच्या आसपासचा काळ पाहावा. त्याच अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिलने १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीची घोषणा केली होती आणि १८९२ मध्ये शाळा काढली होती. तत्कालीन डॉक्टरांकडेही देण्यासारखे फार थोडे होते आणि जे होते त्यातले बरेचसे विषारी होते. अशा वेळी औषध नाही, शस्त्र नाही, फक्त हात, हे आश्वासन मोठे होते. पामरला १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, त्यानेही त्याच्याभोवती हुतात्म्याचे वलय आले. मुलगा बी. जे. पामर याने शाळा आणि पंथ दोन्ही वाढवले. त्याला जाहिरातीची जाण होती. १९२४ मध्ये त्याने मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक मोजणारे एक यंत्र आणले आणि ते वापरण्याचा आग्रह धरला. त्यावरून त्याच्या स्वतःच्याच अनुयायांत फूट पडली.

कडक !

या उपचारातला सर्वांत प्रभावी भाग म्हणजे आवाज. आज मोबाइलच्या पडद्यावर अशा उपचारांच्या चित्रफिती रोज फिरतात. त्यांत रोग्याच्या मानेजवळ ध्वनिग्राहक लावलेला असतो आणि कडाड् आवाज ऐकून पाहणाराही सुस्कारा सोडतो. तो आवाज म्हणजे सरकलेले हाड जागेवर बसल्याची पोच, अशी सगळ्यांची समजूत असते.

आवाज हाडाचा नसतो. सांध्याची पोकळी बंद असते आणि तिच्यात द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब घसरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये बोट मोडताना चालू एमआरआयमध्ये ही क्रिया टिपली गेली. आवाज पोकळी तयार होताना येतो की ती अंशतः कोसळताना, याबद्दल संशोधकांत अजून वाद आहे. हाड बसल्याचा तो आवाज नाही, याबद्दल वाद नाही. त्यातून सांधा बिघडतो ही भीतीही खरी ठरलेली नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजव्या हाताची मोडली नाहीत. दोन्ही हात सारखेच राहिले. या चिकाटीबद्दल त्याला २००९ चे इग्नोबेल मिळाले. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण आजीबाईंच्या धाकाला तो बरा उतारा आहे.

आपल्याला हा आवाज परका नाही. परगावाहून आलेल्या नातवाच्या तोंडावरून हात फिरवून आजी ती बोटे आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडते. जितकी बोटे वाजतील तितकी दृष्ट गेली. केस कापून झाल्यावर मान डावीउजवीकडे मोडून घेणारी गिऱ्हाईकेही आपल्याकडे कमी नाहीत. आतून काहीतरी वाईट बाहेर पडले, याची खूण म्हणून आपण तो आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. डेव्हनपोर्टची गोष्ट आपल्याकडे एवढी सहज मुरली, याचे एक कारण मला इथे दिसते. आजीच्या आणि त्या केंद्राच्या आवाजात फरक एवढाच, की आजी चोवीस वेळा बोलावत नाही.

हाताचे गुण

इथवर वाचून कोणी म्हणेल, सारे थोतांडच. तसे म्हणणे सोपे आहे, आणि ते चूक आहे. सिद्धान्त खोटा असला म्हणून कृती निरुपयोगी ठरत नाही. दोन्हींची परीक्षा निरनिराळी करावी लागते.

कंबरदुखीवर मणक्यांना हाताने झटका देण्याच्या उपचाराचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा, म्हणजे ९,२११ रोग्यांचा, एकत्रित आढावा २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. त्याचा निष्कर्ष असा, की हा उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच गुण देतो. त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या महाविद्यालयाने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीसाठी शेक, मालिश आणि अक्युपंक्चर यांच्याबरोबर त्यालाही जागा दिली. पुरावा मात्र कमी प्रतीचा आहे, असे सोबत नोंदवले. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेची अट आणखी स्पष्ट आहे : हाताचे उपचार द्यायचे ते व्यायामाच्या जोडीने, एकटे नकोत. स्वीडनमधल्या एका चाचणीत, वारंवार कंबर दुखणाऱ्या आणि पहिल्या उपचाराने बरे वाटलेल्या लोकांना ठरावीक अंतराने बोलावत राहिल्यावर, वर्षभरात त्रासाचे दिवस सरासरी १३ च्या आसपास कमी झाले. ही मदत लहान आहे, पण खरी आहे.

गुडघ्याच्या झिजेबद्दल ‘नाइस’ने २०२२ मध्ये दिलेला सल्लाही याच धर्तीचा आहे : मुख्य उपचार स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि गरज असेल तिथे वजन कमी करणे, हाताचे उपचार झालेच तर व्यायामाच्या सोबतीने. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे गणित कोणत्याही तक्त्यापेक्षा उपयोगी आहे.

पुरावा संपतो तो याच्या पुढे. दमा, कानातले संसर्ग, तान्ह्या मुलांचे पोटात दुखून रडणे, प्रतिकारशक्ती, मनःशांती, सर्वांगीण ‘वेलनेस’. निरोगी माणसाने दर महिन्याला मणके बसवून घेतले तर रोग दूर राहतात, याला आधार नाही. २००८ मध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने गार्डियनमध्ये मुलांच्या आजारांबद्दलच्या अशा दाव्यांवर टीका केली. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि अपील न्यायालयात उलटल्यावर २०१० मध्ये तो मागे घेतला. या प्रकरणाने उठवलेल्या चळवळीतून पुढे तिथला अब्रुनुकसानीचा कायदाच २०१३ मध्ये बदलला. त्याच २०१० साली ब्रिटनच्या या व्यवसायाच्या वैधानिक परिषदेने ‘सबलक्सेशन’ ही ऐतिहासिक कल्पना असून ते रोगाचे कारण असल्याच्या दाव्यांना संशोधनाचा आधार नाही, असे जाहीर केले. म्हणजे मूळ गोष्ट तिच्याच घरात मागे घेतली गेली. आमच्या आईला ती त्यानंतर अनेक वर्षांनी नवीन म्हणून सांगण्यात आली.

न्याय दोन्ही बाजूंनी करायचा तर आधुनिक वैद्यकाचे वागणेही पाहावे लागते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टिकचा बंदोबस्त करणे हे तिचे मुख्य काम होऊन बसले. डॉक्टरांनी अशा लोकांशी व्यावसायिक संबंध ठेवणे अनैतिक मानले गेले. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खटला भरला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा असल्याचा निकाल दिला. उपचार शास्त्रीय आहे की नाही, यावर आपण काही ठरवत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. पुढे त्या निकालाचा हा दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला गेला.

शिवाय खोट्या गोष्टीवर विसंबण्याचा मक्ता कोणा एका पंथाकडे नाही. दुखऱ्या गुडघ्यात दुर्बीण घालून आत धुण्याखरवडण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. ह्यूस्टनमध्ये १८० रोग्यांवर तिची परीक्षा झाली. काहींना खरी शस्त्रक्रिया, काहींना नुसती वरवरची चीर. २००२ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा दोन्ही गटांचे दुखणे सारखेच होते. आत घाण साचली आहे, ती धुतली की बरे वाटेल, ही गोष्टही मनाला पटणारीच होती. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की तिची परीक्षा त्याच व्यवसायातल्या लोकांनी घेतली आणि उत्तर आपल्याविरुद्ध गेले तरी छापले.

जिथे गोष्ट महागात पडते

आईचे नुकसान पैशांचे आणि वर्षभराच्या चालण्याचे झाले. मावशीचे नुकसान भरून येणारे नव्हते.

मावशी गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांच्या थरांतून तिची सुई जाताना पाहणे हा आमच्या सुट्टीतला एक कार्यक्रम असे. पन्नाशीच्या आत तिची बोटे सुजू लागली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नसे, मग हळूहळू हात मोकळा होई. दोन्ही हातांची तीच बोटे दुखत. ही लक्षणे झिजेची नव्हती. हा संधिवाताचा तो प्रकार, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. त्यावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केली तर सांधे वाचतात. पहिले काही महिने मोलाचे असतात. मावशीचे सोळा महिने ‘मानेतली नस दबली आहे’ या वाक्यात गेले. दर आठवड्याला तिची मान मोडली जात होती आणि बोटे वाकडी होत होती. योग्य डॉक्टर भेटले तेव्हा दुखणे आटोक्यात आले. बोटे सरळ झाली नाहीत. सुई पुन्हा हातात धरता आली नाही.

नंतर वाचताना जे कळले त्याने माझ्या अंगावर काटा आला. या रोगात मानेतले वरचे दोन मणके एकमेकांवरून खरोखरच सरकू शकतात. वैद्यकातल्या मूळ अर्थाचे सबलक्सेशन ते हेच. जिथे मणका खरोखर सरकलेला असतो, तिथे झटका देणे जिवावर बेतू शकते, म्हणून तिथे या उपचाराला सक्त मनाई आहे. मावशीचे मणके शाबूत होते हे तिचे नशीब. कोणी तपासून पाहिले होते म्हणून नव्हे. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्याही नोंदी आहेत. असे क्वचित घडते. अस्तर आधीच फाटू लागल्यामुळे मान दुखते आणि म्हणून माणूस तिथे जातो, असेही काही वेळा असू शकते. पण ज्या उपचारापासून मिळणारा फायदा मध्यम आहे, त्यासाठी मानेची जोखीम घ्यावी का, हे रोग्याला विचारले तरी पाहिजे.

मावशी एकटी नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने घरोघरी पाहणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना त्या वेळी हाडास्नायूंचे दुखणे होते. त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे साध्या प्रकारचे होते, आणि सुमारे दोनशे माणसांत एकाला मावशीचा रोग होता. दर पाच-सहा माणसांत एक जण दुखण्याने बेजार असेल, तर त्या गर्दीतून हा दोनशेंतला एक ओळखणे हे खरे कौशल्य आहे. सगळ्यांना एकच गोष्ट सांगणारा उपचार नेमका इथेच चुकतो, कारण ज्याच्याकडे एकच कारण आहे त्याला निदान करावे लागत नाही.

भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, आणि आयुष मंत्रालयाच्या पद्धतींतही तो येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या मार्गदर्शिकेत पूर्ण वेळ प्रशिक्षणासाठी किमान ४,२०० तासांची अपेक्षा नोंदवली आहे. पाटीवर नाव वाचताना त्यामागे तास किती, हे विचारण्याची सोय आपल्याकडे रोग्याला नाही.

हाडवैद्याचा ओटा

तरीही लोक जातात, आणि ते मूर्ख नाहीत. आमच्या गावच्या हाडवैद्याच्या ओट्यावर गुरुवारी गर्दी असे. तो आधी हात धुई, मग दुखरा भाग दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ नुसता बसे. कसे पडलात, कधी पडलात, घरी काम कोण करते, सारे विचारी. त्याच्या हातून चुकाही झाल्या असतील, पण तिथून कोणी न बोलता परतत नसे. १८६७ साली लंडनच्या जेम्स पॅजेट या नामवंत शल्यविशारदाने हाडवैद्यांनी बऱ्या केलेल्या रोग्यांवरच एक व्याख्यान दिले होते. त्यांच्या चुका टाळा, पण त्यांच्याकडे जे चांगले आहे ते शिका, असा त्याचा रोख होता. दीडशे वर्षांनंतरही तो धडा अर्धाच गिरवला गेला आहे.

कायरोप्रॅक्टिकच्या यशात मणक्याचा वाटा किती आणि हाताचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. माझे मत असे, की आईला हलके वाटले ते कोणीतरी वीस मिनिटे तिच्या पाठीवर हात ठेवून लक्ष दिल्यामुळे. त्याआधीच्या खोलीत तिच्या गुडघ्याला कोणी हातही लावला नव्हता. फोटोला लावला होता. मराठीत ‘दुखणे’ म्हणजे वेदनाही आणि आजारही. डॉक्टर आजाराकडे पाहतो आणि वेदना घेऊन आलेला माणूस बाहेर तसाच उभा राहतो. त्या रिकाम्या जागेत कोणतीही गोष्ट वस्तीला येते. ‘कणा’ हा शब्द तर आपल्याकडे स्वाभिमानाचाही आहे. मोडलेल्या माणसाला कणा सरळ करून देतो म्हणणाऱ्याचे बोलणे खरे वाटावे, यात नवल नाही.

म्हणून भोंदूपणाच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. रोग्याला शब्द हवे आहेत आणि ते खरे असले पाहिजेत. ‘वंगण संपलंय’ याऐवजी ‘स्नायू अशक्त झालेत, ते बळकट करता येतील’ असे म्हणता येते. ‘मणका सरकलाय’ याऐवजी ‘पाठ अवघडली आहे, बहुतेकांची काही आठवड्यांत सुटते’ असे म्हणता येते. ‘जपून वापरा’ याऐवजी ‘दुखेल थोडे, पण चाला’. ही वाक्ये पहिल्या वाक्यांपेक्षा लांब नाहीत. सांगायला वेळ तेवढाच लागतो.

आईला शेवटी असे बोलणारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी भेटली. तिने गुडघा हातात घेतला, फोटो बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘‘काकू, खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवा बरं.’’ आईला उठता आले नाही. ‘‘मग आपण इथूनच सुरू करू.’’ चार महिने रोज खुर्चीवरून उठणे आणि बसणे चालले. गुडघा अजून दुखतो, पावसाळ्यात जास्त. पण गेल्या दिवाळीत आई माडीवर जाऊन स्वतः आकाशकंदील लावून आली आणि खाली उतरल्यावर म्हणाली, ‘‘वंगण नव्हतं ना माझ्यात? मग हे कशावर चाललं?’’

मावशी खाली बसून पाहत होती. तिने आपले हात पदराखाली घेतले.